पृथ्वीराजला फ्लेक्सी लागलं

मु. पो. सणसवाडी, ता. शिरूर

तीर्थरूप हौसराव आबांस,

धाकट्या बहिनीचा, पुतळाचा वाकून नमस्कार (गुडघा धरलाय, तवा निम्मीच वाकले, उरलेला भेटल्यावर). तब्येत बरी हाय ना? बरीच असनार. वहिनीच्या हातची भाकरी आन् दुसऱ्याच्या भांडनात पंचगिरी, दोन्ही चालू असल्यावर तुमाला काय होतंय? खुटबावची सारी मंडळी खुशाल असतील. इकडं मातर घोळ झालाय.

गेल्या सोमवारी जेवताना पृथ्वीराज म्हनला, आई, कंपनीत फ्लेक्सी आलंय, उद्यापासनं मी तीनलाच सुटनार. माझा घास तोंडातच ऱ्हायला. आबा, फ्लेक्सवर दोनच तऱ्हेची मानसं असत्यात. एक वाढदिवसवाली, दुसरी गेलेली. (आमच्या ह्यांना जिवंतपनी चौकात कुनी च्या पाजला न्हाई, गेल्यावर मातर ह्यो एवढा फोटो लागला, त्योबी डोळ्याजवळ खिळा मारून.) पोराचा वाढदिवस तर कवाच झाला. मंग फ्लेक्सी कशाचं? भांडी घासता घासता माझ्या ध्यानात आलं. कंपनीनं ह्याला काढलाय, आन् ह्यो फ्लेक्सच्या दुकानात लागलाय, घरी सांगाया लाजतोय. आता नोकरी गेल्यावर घर काय एकट्या सुनेच्या जिवावर ढकलायचं? तेजश्रीला (सूनबाई शिरूरला पतसंस्थेत असती, सांजच्याला येती) काय बोलले न्हाई. म्हनलं, आधी आपन पघून येऊ.

दुसऱ्या दिवशी ठकीला (नातीचं खरं नाव घ्यायला माझी जीभ वळत न्हाई) शेजारच्या राबियाकडं ठेवलं आन् चौकातल्या इरशादचं फ्लेक्सचं दुकान गाठलं. म्हनले, आमचा पोरगा हितं हाय का? त्यानं घाईघाईनं खुर्ची दिली, आवाज बारीक केला, आन् इचारतोय कसा, कवा झालं मावशी? फोटो आनलाय का? कडंनं गुलाब टाकू का झेंडू? पायातली चप्पलच काढनार व्हते, पन खुर्ची गुबगुबीत व्हती.

तिथनं रिक्षानं कंपनीच्या गेटावर. वॉचमन बिहारकडचा. म्हनला, साब तो निकल गये माताजी, फैमिली के लिए जल्दी छोडते हैं. माझ्या हातातली पिशवीच पडली. तुमी पाव्हन्याम्होरं वहिनीला ‘आमची फॅमिली’ म्हनता का न्हाई? पृथ्वीची फॅमिली तर शिरूरला खुर्चीवर बसलेली. मंग तीन वाजता ही कंची फॅमिली? आन् कंपनी आपनहून सोडती तिच्याकडं?

शिव्या जुळवत घरी आले (दोन तर नव्याच सुचल्या, वाया गेल्या). पघते तर पोरगं ठकीला राबियाकडनं आनून मांडीवर घेऊन बसलेलं. दुपटं उलटं बांधलेलं, दूध उतू गेलेलं, आन् बापलेक खिदळत्यात. मला म्हनला, अगं आई, ल्हान लेकरू असनाऱ्यानं कामाची येळ आपली आपन ठरवायची, असा नियम झालाय कंपनीत. आता तीननंतर तू मोकळी.

मोकळी! मला तर ह्यात कायतरी गोम दिसती. गाडीतनं उतरताना भुईकडं न पघनाऱ्या साहेबाला आमच्या ठकीच्या दुपट्याचा एवढा कळवळा कुठनं आला? आन् मोकळी कसली? आई, साखर कुठं. आई, झबलं कुठं. आई, ही का रडती. आधी मी एकच लेकरू सांभाळत व्हते.

असो. तुमच्या फॅमिलीला नमस्कार सांगा.

तुमची,
पुतळा

ता.क. खरं सांगू? ठकी झाल्यापासनं माहेरचा उंबरा पघितला न्हाई. साहेबानं समद्यांना मोकळीक दिली, मला कोन देनार? आपनहून जाते म्हनाया तोंड न्हाई. माझ्याबिगर घर चालत न्हाई, हे मीच आळीभर सांगून बसलेय. तवा तुमी जरा आजारी पडा. पृथ्वीला फोन करा आन् खोकत खोकत म्हना, पुतळाला धाडून दे. (फोन त्याच्या खिशात असतो, म्हनून हे पत्तर.)

ता.क. दुसरा. खरंखुरं पडू नका. पथ्यपानी माझ्याच गळ्यात यील.

ता.क. तिसरा. माळ्यावरचा पाळना उतरवून ठिवा. ठकीला संगं आनतीया. काल मी दोन्ही हात म्होरं केले, तर मला सोडून बापाकडं झेपावली. तवाच वळखलं, कंपनीची गोम ती हीच.