दीड, दोन की अडीच

४ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. धंदेवाल्या माणसाचे विचार कागदावर हवेत.

निर्णय झाला. सेकंड हँड पिकअप घ्यायची आणि मालवाहतूक सुरू करायची. कंपनीने घरी बसवलं ते बरंच झालं म्हणायचं, नाहीतर जन्मभर पुठ्ठ्याच्या खोक्यांची सॅम्पलं घेऊन लोकांच्या दारात उभा राहिलो असतो. आता प्रश्न एकच. इंजिन केवढं घ्यायचं? दीड लिटर, दोन की अडीच? आठवडाभरात निकाल लावतो.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही शाळेच्या युनिफॉर्मच्या बाह्या जोडत होती. मशीन न थांबवता म्हणाली, आधी मी विचारलंय त्याचं काय ते सांगा.

५ फेब्रुवारी, मंगळवार
हिने काय विचारलंय ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्याचा ताप जाईल.

हिची मोठी बहीण घाटाच्या वर राहते. तिथे बाजारपेठेत एक गाळा रिकामा झालाय, मागे राहायला खोली. ही तिथे शिवणकामाचं दुकान काढणार. काढू का, असं नाही. काढणार. एक मार्चला किल्ली मिळते. मला म्हणाली, तुम्ही येताय की इथेच राहताय, तेवढं सांगा.

आता यातली टेक्निकल अडचण हिला कळत नाही. दीड लिटर घेतली तर गाडी सपाटीवरची. म्हणजे धंदा इथे, म्हणजे मी इथे. अडीच घेतली तर ती भरलेला हौदा घेऊन घाट चढणार, म्हणजे धंदा वर, म्हणजे मीही वर. तेव्हा आधी इंजिन ठरेल, मग उत्तर आपोआपच निघेल. इतकं सरळ लॉजिक. तर ही म्हणते, मी इंजिनाला विचारलं नाहीये, तुम्हाला विचारलंय.

बायकांशी इंजिनाबद्दल बोलूच नये.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
जुन्या गाड्यांच्या यार्डात गेलो. एजंट गोड बोलणारा. दीड लिटरच्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, साहेब, ॲव्हरेज बघा, घरच्या स्कूटरसारखं. मग अडीचवाली दाखवली. म्हणाला, साहेब, ताकद बघा, डोंगर ओढून आणेल. मी विचारलं, यातली चांगली कुठली? तर म्हणाला, तुम्ही म्हणाल ती.

माणूस प्रामाणिक वाटला.

११ फेब्रुवारी, सोमवार
फोनवर पिकअपवाल्यांचा एक ग्रुप सापडला. तिथे प्रश्न टाकला. सकाळी टाकला, दुपारपर्यंत दोन तट पडले. दीडवाले म्हणतात, अडीच म्हणजे डिझेल पिणारा हत्ती. अडीचवाले म्हणतात, दीड म्हणजे हौदा लावलेलं शिवणयंत्र. संध्याकाळपर्यंत एकमेकांचे बाप निघाले. ॲडमिनने मलाच काढून टाकलं.

एक फायदा झाला. प्रश्न सोपा नाही, हे सिद्ध झालं. हिला तसं सांगितलं. हिने फक्त दोऱ्याचं रीळ बदललं.

१३ फेब्रुवारी, बुधवार
साडूचा फोन. हे गृहस्थ घाटाच्या वर रंगाचं दुकान चालवतात आणि स्वतःला सर्वज्ञ समजतात. म्हणे, भाऊ, एवढा काथ्याकूट कशाला? मी माझी खटारा व्हॅन घेऊन रोज घाट चढतो-उतरतो. रस्ता आहे तो, भिंत नाही. तुम्ही फक्त या.

अत्यंत अशास्त्रीय माणूस. टॉर्क म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, ते काय असतं ते असू दे, जेवायला आमच्याकडे आहात ना पहिल्या दिवशी? मी म्हटलं, ते इंजिनवर अवलंबून आहे. पलीकडून फोन कट झाला. नेटवर्क असेल.

१६ फेब्रुवारी, शनिवार
आज मोठी प्रगती. हिने आपण होऊन विचारलं, दोन शिलाई मशीन, एक पिको मशीन, कापायचं टेबल, कपाट आणि कापडाचे गठ्ठे एका खेपेत जातील का? ऐकून बरं वाटलं. अखेर हिला विषयात रस आला!

लगेच वजनकाटा बाहेर काढला. आधी नुसता उभा राहिलो, मग मशीन कवेत घेऊन उभा राहिलो, मग वजाबाकी. मशीन चढवताना पाठीत उसण भरली, पण आकडा मिळाला. कपाट उचलवेना, ते अंदाजाने धरलं. सगळं व्यवस्थित मांडून हिला दाखवलं. हिने वरून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, यात तुमचं सामान कुठे आहे?

मी समजावलं की माझे चार कपडे आणि दाढीचं सामान, त्याने इंजिनाला काही फरक पडत नाही. म्हणून धरलं नाही.

ही म्हणाली, बरं. आणि मशीनवर जाऊन बसली. शिवत मात्र नव्हती.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
अडीच लिटरची ट्रायल घेतली. काय गाडी आहे! पुलाच्या चढावर एजंटला म्हटलं, धरून बसा. तिसऱ्या गिअरमध्ये अशी निघाली की मी मोठ्याने हसलो. किती दिवसांनी हसलो कोण जाणे. ठरलं. अडीच. वर जायचं. घरी जाऊन हिला सांगायचं, येतोय म्हणून.

संध्याकाळ. सांगितलं नाही. येताना ॲव्हरेजचा विचार डोक्यात शिरला. समजा वर गेलो आणि डिझेलनेच धंदा खाल्ला, तर? तर मी काय करणार तिथे? हिच्या दुकानात स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना बटणं काढून देणार. लोक विचारणार, हे कोण? तर ही सांगणार, आमचे मिस्टर, सध्या घरीच असतात. साडू येता-जाता खांद्यावर हात टाकणार. खरं सांगायचं तर मला घाटाची नाही, त्या स्टुलावर बसायची भीती वाटते.

हे वरचं वाक्य खोडायचं. पेन बदललं की खोडतो.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार
अडीचवाली गेली. एजंट म्हणतो, साहेब, तुमची वाट बघून बघून विकली. लोक एवढा मोठा निर्णय असा घाईघाईने कसा घेतात कळत नाही. फोन ठेवला आणि सुटल्यासारखं वाटलं. ही इंजिनची बाब आहे, मनाची नाही. तरी नोंद करून ठेवली.

२४ फेब्रुवारी, रविवार
गाडी घेतली! दोन लिटर.

दीडपेक्षा ताकद जास्त, अडीचपेक्षा डिझेल कमी. सपाटीवरही चालते, घाटही चढते. हे आधीच कसं सुचलं नाही? खाली गाडी उभी करून हिला बोलावलं. ही हात पुसत आली. म्हणाली, म्हणजे काय ठरलं? मी म्हटलं, हाच तर मुद्दा आहे, या गाडीने काहीच ठरवावं लागत नाही, दोन्हीकडे चालते.

हिने गाडीभोवती एक चक्कर मारली. मागचा फाळका उघडला, लावला. म्हणाली, रंग बरा आहे.

त्यानंतर तो प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही. विषय मिटला एकदाचा.

२७ फेब्रुवारी, बुधवार
घरात बांधाबांध. ही भांडी वाटून घेतेय. मोठं पातेलं ठेवलं, छोटं घेतलं. चार ताटं ठेवली, एक घेतलं. मी म्हटलं, मोठं पातेलं ने ना, मी एकटा एवढ्या पातेल्याचं काय करू? बोलून गेलो आणि मग ऐकू आलं काय बोललो ते. हिने मान वर केली. वाट बघत होती बहुतेक.

मी म्हटलं, गाडीचं ऑइल बघून येतो. खाली जाऊन बघितलं. ऑइल ठीक होतं. बॉनेट उघडं टाकून तिथेच उभा राहिलो. वर आलो तोवर हिचं छोट्या पातेल्याला वर्तमानपत्र गुंडाळून झालं होतं.

१ मार्च, शुक्रवार
माल पोचवला. माझ्या धंद्याची पहिली खेप. ताडपत्री कुठेही सुटली नाही. कपाटाला ओरखडा नाही.

घाट लागायच्या आधी मी ठरवलं, पहिल्या वळणावर सांगायचं. मी येतोय, स्टुलावर बसेन, बटणं काढून देईन, काय व्हायचं ते होऊ दे. वाक्य पाठ केलं होतं. पण पहिल्या वळणावर दुसरा गिअर टाकावा लागला आणि इंजिन असं किंचाळायला लागलं की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. म्हटलं, पुढच्या वळणावर. मग पहिला गिअर. मागे कपाट, टेबल, गठ्ठे, सगळा भार. अडीच असती तर आवाज एवढा झाला नसता. ही एकदा माझ्याकडे वळली, काहीतरी म्हणालीही. मी हातानेच विचारलं, काय? तिने मान हलवली. काही नाही.

वर साडू आणि मेहुणी उभे होतेच. सामान पटापट उतरलं. मागची खोली छान आहे, खिडकीतून बाजार दिसतो. भिंतीला एकच खाट लावलेली. मेहुणी तिच्यावर स्वच्छ चादर घालत होती, मला बघून उगाच दुसऱ्या बाजूला गेली. साडूने आज काही शहाणपणा शिकवला नाही, त्याचं जास्त लागलं.

हिने पाणी दिलं. म्हणाली, उजेड आहे तोवर निघा, वळणं अवघड आहेत. पोचलात की फोन करा. मी म्हटलं, हो. ती फाळका लावायला मागे आली, पण मी आधीच लावला होता.

उतरताना गाडी रिकामी. सगळा उतार, इंजिनाला काही कामच नव्हतं. इतकी शांत चालली की हळू आवाजात बोललं असतं तरी सहज ऐकू गेलं असतं.