डोळ्यांची आखणी

६ जून
आज पुन्हा गंधाची रेघ सोंडेवर गेली. नाना, आमच्या कारखान्याचे मालक, ओरडले नाहीत, नुसतं पाहिलं. त्यापेक्षा ओरडलेलं परवडतं. चौदा वर्षं हमरापुरात गणपती रंगवतेय, आणि आता जवळचंच दिसेनासं झालंय.
घरी चष्म्याचं काढलं. सासूबाई: "बाईमाणसाला कसला गो चष्मा? तुला वाचायचं काय हाय?" नववीत शाळा सुटली, म्हणजे वाचायचं संपलं. ही वही त्यांना माहीत नाही.

९ जून
लेक प्राची दहावी पास! पेढे वाटले. संध्याकाळी हे म्हणाले, "कंपनीत शिफ्टा कमी झाल्यात. यंदा तिला पण कारखान्यात ने. पुढच्या शाळेचं मग बघू."
मग बघू! आई आजारी पडली, पाणी भरायला कोणी नव्हतं, तेव्हा माझंही ‘मग बघू’ झालं होतं. रागाने जेवले नाही. कुणाचं काही बिघडलं नाही.

१० जून
ठरलं. चष्मा करायचा, आणि रंगकाम सोडून आखणी मागायची. मूर्तीचे डोळे आखणाऱ्याला जवळजवळ दुप्पट मजुरी. प्राचीची अकरावी त्यात निघेल. आमच्या कारखान्यात डोळे पुरुषच आखतात. का, ते विचारते.

११ जून
विचारलं. नाना: "हात चांगला हाय गो तुझा. पण डोळं आखलं की देवात जीव येतो. बायकांचे महिन्याचे ते चार दिवस..."
सोंड चालते, पोट चालतं, पितांबर चालतो, तेव्हा कुणी दिवस विचारले नाहीत. डोळेच तेवढे विटाळतात? बोलून टाकलं. सगळ्यांचे ब्रश थांबले. बरं वाटलं.

१४ जून
एकटी पेणला गेले, चष्मा आणला. ह्यांना नंतर सांगितलं. घरी येऊन तांदूळ निवडायला घेतले. अगं बाई, केवढे खडे! आणि हेच मी सगळ्यांना घालत होते.

१६ जून
तडा गेलेल्या मूर्तीवर डोळे आखले. नाना मागे येऊन उभे. वाकून डोळे पाहिले. मग, "उद्या चांगल्या मूर्तीवर बस. पण ते चार दिवस घरी ऱ्हायचं."
"नाय राहणार, नाना." ते दुसऱ्या मूर्तीकडे वळले. हो नाही, नाही नाही.

१७ जून
सकाळीच पाळी आली. आजच यायची होती!
प्राचीला सांगितलं, मी आखणीला जातेच, तू कॉलेजात जाऊन फॉर्म भर. ती म्हणाली, "आई, नानांना कळलं तर?" कळू दे. विचारलं तर खरं तेच सांगणार, पण ब्रश खाली न ठेवता. निघते.