हदगावची राख

निलंगा, २० फेब्रुवारी २०२४

चि. संघपाल यास लुंबिनीअक्काचे अ.उ.आ.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पुन्हा पत्रच. यंदा मायच्या वालाला मावा लागला. बी जेमतेम डबाभर आलं. ते मायसारखं राखेत घालून ठेवायचं आहे, पण घरात गॅस. राख आणू कुठून? तुझ्या सुतारकामाच्या ढलप्या रोज चुलीत जातात. तेवढी थैलीभर राख पाठव. चाळून पाठव, तुझ्या कामासारखी अर्धवट नको! यांचं दवाखान्याचं चालूच आहे. माझे गुडघेही थकले, मीही थकले.

लोभ आहेच, तुझाही राहू दे.
अक्का

हदगाव, ६ मार्च

ती. अक्कास संघपालचा स. जयभीम वि.वि.

शेजारचा भारत तिकडे येतो आहे, त्याच्याकडे राख दिली आहे. निव्वळ बाभूळ-लिंबाची आहे. प्लायवूडची राख मी झाडालाही घालत नाही. कोळसे वेचून इस्त्रीवाल्या रामकिशनला दिले. उरली तर वांग्यावर भुरभुरव, मावा हटतो. इथे सगळे तयार कपाटं आणतात. माझ्याकडे येतात ती फुगलेली दारं तासायला. रंधा धरला की हात भरून येतो.

माया कमी करू नकोस.
संघपाल

निलंगा, ११ जून

चि. संघपाल यास आशीर्वाद.

काल पेरायला डबा उघडला. बी बुरशीने काळं पडलं आहे. राख आतून ओली होती! वरची हाताला कोरडी लागली, म्हणून मी पुन्हा चाळली नाही. तेवढी चूक माझी. पण चुलीतल्या राखेत पाणी कोण घालतं? माय म्हणायची, बी गेलं की घर गेलं. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं रे. मला फार राग आला आहे.

अक्का

हदगाव, १९ जून

ती. अक्कास स. जयभीम.

पाणी मीच घातलं. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात दुपारी चूल पेटती ठेवून बाजेवर पडलो, डोळा लागला. भुश्शाने पेट घेतला. शेजारच्या अंबिकावहिनी दारातून ओरडत होत्या म्हणे, "भाऊ, उठा की, आग लागली हाय!" मला काहीच ऐकू आलं नाही. पायाला चटका बसला तेव्हा उठलो आणि रांजण चुलीसकट सगळीकडे ओतला. राख दोन दिवस उन्हात घातली. भरताना जरा ओलसर लागली, पण तू वाट पाहत होतीस. खरं कळवलं असतं तर तू माझं काम बंद केलं असतंस. काम सोडून मी दिवसभर करू काय?

चुकलं माझं. राग धर, पण पत्र धाड.
संघपाल

निलंगा, २६ जून

चि. संघपाल यास अ.उ.आ.

उरलंसुरलं बी पाण्यात टाकून पाहिलं. सगळं तरंगलं. मायचा वाल आपल्यातून गेला. वाईट वाटतंय आणि वाटत राहणार, तुला खोटं कशाला सांगू?

पण तुझं पत्र आल्यापासून हाताला काम सुचत नाही. ती राख कोरडी आली असती, तर आज मी पत्र कुणाला लिहिलं असतं?

चुलीवर पाणी ओत, कुलूप लाव आणि मिळेल त्या गाडीने इकडे ये. तुझ्याशी भांडायचं आहे, ते कागदावर मावत नाही.

तुझीच,
अक्का