फॉर्मवरचा नंबर

तलासरी,
४ सप्टेंबर २०२५

प्रिय चंद्रिका,

बरी असशील. तुझ्या बाबांचा, काकड्याकाकांचा गुडघा कसा आहे? मी ठीक. कंपनीत सकाळची पाळी आहे. हायवेला अजून दोन शेड उभ्या राहिल्या. सगळे म्हणतात, इकडे लई प्रगती झाली. झाली असेल. डिप्लोमावाला पोरगा माझ्याच वयाचा, त्याला खुर्ची नि 'सर'. मी बारा तास उभा, मला 'ए हेल्पर'. माझ्या कॉलेजात त्या क्लार्कवर खुर्ची उगारून नाव कापून घेतलं नसतं तर, असं रोज वाटतं. तू तेव्हाच म्हणालीस, "तुझं डोकंच तुला खाणार."

तुमच्या शेजारच्या भारतीच्या हाती पत्र देतोय. पूर्ण वाच, मध्येच फाडू नकोस.

नर्सिंगचा फॉर्म भरताना तुझ्या घरी फोन नव्हता, म्हणून तू माझा नंबर लिहिलास. ओटीपी आला तेव्हा किती हसलीस! "संदीप, आता माझं नशीब तुझ्या खिशात." मग दर बाजाराला विचारायचीस, "आला का मेसेज?" मी म्हणायचो, "नाही गं, वेळ लागतो."

आला होता. सोळा ऑगस्टला. दुसऱ्या यादीत तुझं नाव होतं. चार दिवसांत कागद घेऊन जायचं होतं.

आदल्याच दिवशी बायजीकाकी, तुझी आई, सगळ्यांसमोर मला म्हणाली होती, "पोरगी नर्स झाली तर हेल्परच्या घरी भांडी घासाया येल का रं?" बायका हसल्या. तूपण हसलीस. थोडीशीच, पण मी पाहिलं. माझं टाळकं फिरलं. मेसेज पुसून टाकला. वाटलं, राहील आपल्या रानशेत गावातच, माझ्या बरोबरीची.

काल भारती म्हणाली, तू सोमवारपासून फुग्यांच्या कारखान्यात जाणार. हेल्पर म्हणून.

आज खाडा करून त्या नर्सिंगच्या कॉलेजात गेलो. भांडलो नाही, हात जोडले. तुझी जागा दुसरीला गेली. उरलेल्या जागा सोमवारी भरतील. किती आहेत ते सांगत नाहीत. नऊच्या आत पोच. मार्कशीट, दाखले, फोटो, सगळं ने. कारखान्यात जाऊ नकोस, पाया पडतो.

सिम पाकिटात आहे. भारतीच्या फोनमध्ये घाल, त्यांचा कॉल त्यावरच येईल. मी नवा नंबर घेतला नाही.

नाहीच मिळालं, तर काकांना माझं नाव सांग. नशिबाचं सांगू नकोस.

ज्याचा नंबर तू भरवशानं लिहिलास,
तो संदीप