अम्मा बदलली त्या दिवशी

प्रिय अन्ना,

तुला पत्र लिहीन असं मनात नव्हतं. जिवंत होतास तेव्हा ऐकलं नाहीस, आता काय वाचणार! पण आज सकाळी गल्लीतून सिनेमाची हातगाडी गेली. रविवारच्या सकाळच्या खेळाला पुन्हा तोच इंग्रजी सिनेमा लागलाय. बोर्डावर तोच हिरवा राक्षस, तीच किंचाळणारी बाई. विड्या वळता वळता माझे हात थांबले, आणि अम्मा उठून आत गेली.

काय मिळायचं रे तुला त्या सिनेमांत? इंग्रजी तुला तरी कुठं कळत होतं! अर्धी गोष्ट पदरची घालायचास. माग बंद करून आम्हा मायलेकींना समोर बसवायचास आणि आपल्या तेलुगूत सांगायचास, ते राक्षस आभाळातून उतरतात, माणसाला संपवतात आणि त्याचंच तोंड घेऊन त्याच्या घरात येऊन बसतात. बायकोलासुद्धा पत्ता लागत नाही. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून ऐकायच्या.

मग ओळखायचं कसं, असं मी विचारलं होतं. तू म्हणालास, घरच्या बोलण्यावरून. बाहेरचं ते सगळं शिकतात, घरचं बोलणं तेवढं त्यांना जमत नाही. मी हसले की रे तेव्हा. लई हसले.

मग तूच हसेनासा झालास. आधी म्हणालास, मुकादम बदललाय. मग कोपऱ्यावरचा चहावाला. आम्हाला वाटलं, चेष्टा करतोयस. पण तू मागावर बसणं सोडलंस, दाराला आतून कडी घालून फटीतून गल्ली बघत राहायला लागलास. तेव्हा मामानं डॉक्टरांना घरी आणायचं ठरवलं.

अम्माचं तर तुला ठाऊकच आहे. जन्म सोलापुरात गेला, पण तिचं मराठी भाजीवालीपुरतं. आणि वर तिची शिस्त! मराठी माणूस घरात आला की त्याच्यापुढं तेलुगू बोलायचं नाही, त्याला वाटेल आपण त्यालाच नावं ठेवतोय. त्या दिवशी तर ती शेजारच्या मास्तरीणबाईंकडून चार वाक्यं घोकून आली होती. डॉक्टरांनी आपल्या लेकराला अडाण्याचं म्हणू नये, एवढंच तिच्या मनात.

डॉक्टर बसले. अम्मा तुझ्याजवळ आली, गालावरून हात फिरवला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाळ, घाबरू नकोस. डॉक्टर आपलेच आहेत."

तुझ्या तोंडावरचा रंग उतरलेला मी बघितला. तू भिंतीला चिकटलास आणि हळूच मला म्हणालास, "पद्मा, पळ. ही अम्मा नाही."

डॉक्टर गेल्यावर ती बिचारी तेलुगूत किती बोलली! तू पाळण्यात असतानाचं गाणंसुद्धा म्हणून दाखवलं. तू म्हणालास, आता शिकली. अन्ना, तुला तिची जरासुद्धा दया आली नाही का रे? त्यानंतर तू तिच्या हातचा घास घेतला नाहीस. मी ताट आणलं, तर मीही त्यांच्यातलीच झाले. मामा हॉटेलातून आणायचा, पुढं तेही बंद केलंस. अंगात काही उरलंच नव्हतं, साध्या तापानं तुला नेलं.

शेवटच्या दुपारी दवाखान्यात मी एकटीच होते. अम्मा बाहेर पायरीवर बसली होती. तिला बघून तू ओरडायचास, म्हणून. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस आणि परक्या बाईशी बोलावं तसं मला अहोजाहो केलंस.

"तुम्ही पद्मासारख्या दिसता," म्हणालास. "ती आणि अम्मा कुठं भेटल्या तर सांगा, मी त्यांना लई शोधलं."

मी काय करायला हवं होतं? तुझा हात धरला, तो तू हळूच सोडवून घेतलास.

बाहेर आले तेव्हा अम्मानं एकच विचारलं, मीच त्याची अम्मा, हे ओळखलं का गं त्यानं शेवटी? मी हो म्हणाले. त्यानं तिचं नाव काढलं म्हणाले, अम्मा म्हणून हाक मारली म्हणाले. ती पायरीवरच रडली, आणि तेवढ्याच आधारावर अजून जगतेय. दर दोन-चार दिवसांनी पुन्हा विचारते, कशी हाक मारली गं त्यानं?

ती जगेल तोवर मी तुझ्या आवाजात तिला ती हाक मारून दाखवीन, अन्ना. तेवढं करीन.

तुझी, खरीच तुझी,
पद्मा