सोमवारचे डाग

सो. ३ नोव्हें.
आज एकही हाक नाही. एरवी सोमवार म्हणजे उधन्याच्या आमच्या लूम कारखान्यात सकाळपासून 'तात्या, तात्या'. कापडाच्या पांढऱ्या ताक्यावर लाल डाग, आणि काढावा तर तात्यानेच. गुजराती शेठ स्वतः चहा पाठवायचा. आज चहा रेखाच्या टेबलावर. भेस्तानची पोर, कालपरवा आली आणि सुपरवायझर.

केलं काय तर, सुट्टीनंतर मशीन सुरू करताना सगळे मशीनला कुंकू लावतात, तेच कापडावर उतरतं हे तिने ओळखलं. दाराशी देवीचा फोटो टांगला नि सांगितलं, कुंकू इथे वाहा. बस्. इतकी वर्षं मीही लावतच होतो की. नुसता जळफळाट.

गुरु. ६
शेठ गिऱ्हाइकाला सांगत होता, "आ छोकरीए डाघ ज बंद करी दीधा." पोरीने डागच बंद केले म्हणे, आणि डाग काढणारा मी शेजारीच उभा. घरी हिला बोललो तर म्हणे, "डाग नाहीत तर चांगलंच ना?"

सो. १७
डाग. लूम चालवणाऱ्या भिलाच्या मशीनवर. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. काढून दे म्हणून शेठ माझ्याकडे, "तात्या, काढी आपो ने." साबण, स्पिरिट, हलका हात. चहा आला.

शेठ मात्र भिलावर पेटला, गुपचूप मशीनला कुंकू लावतोस म्हणून. परत डाग दिसला तर घरी बस. रेखा मध्ये पडली, "कोणी पाडला ते राहू द्या, कसा पडला ते बघू." शहाणी. पण सापडलं नाही तिला.

बुध. १९
जेवणाच्या सुट्टीत भिला जवळ येऊन बसला. "तात्या, मायनी आन, मी मशीनले कुंकू लायेल नही." आईची शपथ घेतली, खरंच बोलतोय. मी पाहिलंय. फोटोला कुंकू वाहतो आणि त्याच बोटांनी तुटलेला धागा जोडतो. फोटोपाशी बोटं पुसायला ओला फडका ठेवला की मिटलं. रेखाला नाही दिसलं. मला दिसलं.

सांगितलं तर डाग कायमचे बंद. मग तात्याला कोण विचारतो...

रवि. २३
बाजारात रेखा भेटली, तिच्या आईबरोबर. आईला म्हणाली, "हे तात्या. डागातलं यांच्याइतकं कोणाला कळत नाही." मग मला, "भिलाच्या कापडावर डाग कसा पडला असेल हो?"
"बघू," म्हणालो.

फडका डब्याच्या पिशवीत घातलाय. उद्या सोमवार. सकाळी लवकर जाऊन फोटोपाशी ठेवला तर भिला वाचतो, पण कौतुक पुन्हा तिच्या फोटोचंच. त्यापेक्षा एक डाग पडू दे. मग शेठसमोरच फडका काढतो, म्हणजे नाव माझं. तोवर शेठने भिलाला घरी बसवलं तर...