सहाव्या थराचा टोप

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा.

कॉलेजात एक गुलाब मिळाला. अकरावीच्या वर्गाने वर्गणी काढून घेतला असावा, कारण देठाला दोन जणांचे हात होते.

संध्याकाळी मैदानात महिला गोविंदा पथकाच्या सरावाचा नारळ फुटला. सु. यंदाही पहिल्या थरात. वय सत्तेचाळीस, दोन्ही खांद्यांवर परक्या बायका, आणि रात्री बाम लावायला मी. लग्नात सप्तपदी चाललो तेव्हा थरांचा उल्लेख नव्हता.

मी दरवर्षीप्रमाणे पाण्याच्या बाटल्यांपाशी उभा. शुभा आली. पथकाची कॅप्टन, सकाळी हॉस्पिटलात नर्स, संध्याकाळी हुकूमशहा.

"भावोजी, यंदा बाटल्या नाही. डोक्याचे टोप, हेल्मेटं, तुमच्याकडे."

"मला त्यातलं काय कळतं?"

"तुमच्या सुभाषितातलं आम्हाला काय कळतं? ऐकतो ना तरी."

घरी येताना सु. खूश. नवऱ्याला लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी पद मिळालं.

१३ जुलै, रविवार.

टोप आले. एका पुढाऱ्याची देणगी. प्रत्येकावर त्याचा हसरा चेहरा चिकटवलेला, म्हणजे प्रत्येकीच्या डोक्यावर आणखी एक डोकं. सगळे 'फ्री साइझ'. व्याकरणात याला अव्यय म्हणतात: कुठेही घाला, रूप बदलत नाही. फक्त इथे डोकी बदलतात.

शिंप्याची टेप घेऊन भुवईच्या वरून, कानांच्या मागून सगळ्यांची मापं घेतली. मुंडे मुंडे मतिर्भिन्ना. मतीचं शुभा बघेल. सगळ्यात मोठं डोकं घरचंच निघालं. सु.ला सांगितलं.

"आत काहीतरी आसा म्हणान मोठां आसा," म्हणाली. माझं न मापताच.

सगळ्यात लहान मुक्ताचं. सगळ्यात वर चढते ती. बारावीपर्यंत माझ्याकडे संस्कृतला होती, म्हणून मी अजून 'सर'. आतला पट्टा शेवटच्या खाचेपर्यंत आवळला तरी टोप डोक्यावर घागरीसारखा फिरतो.

१६ जुलै, बुधवार.

मुक्ताच्या आईकडे जाऊन आलो. रेखाताई. चाळीच्या टोकाला पोळी-भाजी केंद्र आहे त्यांचं. बोलताना लाटणं थांबलं नाही.

"सर, तुम्ही चांगलेच आहात. पण गेल्या वर्षी सरावात टोप डोळ्यावर आला, पोरीला दिसेना, घाबरून हात सोडले तिने. हनुवटीचे टाके मी बघितलेत."

"यंदा नीट बसवतो."

"बसवा. हलला नाही तर जाईल वर. हलला तर घरी. कॉलेज आणि पोळ्या, बास."

मुक्ता आईच्या मागे उभी राहून मला डोळ्यांनी सांगत होती की हो म्हणा. म्हटलं. मुक्ता नाही तर सहावा थर नाही. तिच्याइतकी हलकी आणि धीट दुसरी कोणी नाही. आणि सहा थर आमच्या बायकांनी आजवर लावलेले नाहीत. पाचावर येऊन सलामी, टाळ्या, घरी.

२० जुलै, रविवार.

दिवसभर टोप. फोमच्या पट्ट्या, कात्री, गोंद. शुभाने हॉस्पिटलातली चिकटपट्टी आणली, त्यावर नावं लिहून आत चिकटवली. पहिल्या थराच्या टोपांच्या कपाळापुढच्या चोची काढून टाकल्या, वरच्या बायकांच्या नडग्यांना लागत होत्या. सु.ची चोच काढताना तिने विचारलं, "माझी काढलात, तुमची कधी?"

मग तपासणी. प्रत्येकीला टोप घालून मान खाली घालायला लावली, जोरात हलवायला लावली. एकही हलला नाही. मुक्ताचासुद्धा. मागची चक्री फिरवली की टक-टक आवाज होऊन पट्टा आवळतो; तो आवाज आता मला झोपेतही ओळखता येईल.

आज जरा छाती फुगली. लिहून ठेवतो, पुन्हा फुगेल न फुगेल.

२२ जुलै, मंगळवार.

नाही फुगली.

चार थर लागले, मुक्ता पाचवी. उभी राहिली, हंडीच्या जागी बांधलेल्या वरच्या दोरीकडे हात केला, आणि टोप सरळ नाकावर. शुभाची शिट्टी. कमरेच्या दोरीने अलगद खाली घेतली, खरचटलंही नाही. पण तिचे हात बघितले मी. हवेत काहीतरी शोधत होते.

खाली घालून शंभर वेळा हलवलेला टोप वर जाऊन का घसरावा?

चाळीत बातमीला जिना लागत नाही. आम्ही पोचायच्या आधी रेखाताईंना कळलेलं. मुक्ता म्हणाली, "सर, आईला मी सांभाळते."

"काय सांगशील?"

"तुम्ही नवीन आहात म्हणून."

२५ जुलै, शुक्रवार. श्रावण लागला.

मासे बंद, त्यामुळे सु.चा आवाज एक पट्टी वर. संध्याकाळी तिला तिचा स्वतःचा टोप घालायला लावला होता, कुठे टोचतो ते बघायला. तो तसाच घालून ती कामं करत फिरत होती. स्टुलावर चढली, माळ्यावरची पूजेची परात काढायला. मान मागे, हात वर, आणि टोप डोळ्यांवर. परात माळ्यावर, सु. स्टुलावर आंधळी, मी स्टूल धरून.

"अहो, काढा ओ हा!"

"एक मिनिट. तशीच राहा."

"मेल्याहून मेले मी."

तशीच राहिली, बिचारी. मागे जाऊन पाहिलं. मान मागे गेली की मानेवरचा अंबाडा टोपाला मागून वर ढकलतो. मागून वर, म्हणजे पुढून खाली. मुक्ताचाही अंबाडा तिथेच. इतकं साधं. मी सगळ्यांना मान खाली घालायला लावली होती. तीस वर्षं वर्गात हेच सांगतोय, खाली बघा, वहीत बघा. हंडी वर असते हे माझ्या लक्षातच नाही.

परात मी काढली. बक्षीस म्हणून.

२७ जुलै, रविवार.

अंबाडा वर बांधून पाहिला: टोपच बसत नाही. एक वेणी: ती नेमकी चक्रीखाली येते. मुक्ता म्हणाली, कापते केस, वाट लागली तर लागली. शुभाचा बॉयकट आहेच, ती लगेच कात्री घेऊन तयार. रेखाताईंचा निरोप आला, केसाला हात लावाल तर पोळपाट घेऊन येईन.

दुपारी भिंतीवरच्या फोटोकडे बघत पडलो होतो. सु.चा शाळेतला, कबड्डीच्या संघातला. सात मुली, हातात ढाल, सगळ्यांच्या दोन-दोन वेण्या लाल रिबिनी लावून खांद्यावरून पुढे घेतलेल्या. सु. मधे, मान अशी ताठ की फोटोग्राफरलाच आउट करेल. दोन वेण्या पुढे, म्हणजे मागे मान मोकळी.

उठून सु.च्या दोन वेण्या घालायला बसलो. तिसऱ्या पेडालाच केस ओढून घेतले तिने. "ह्यां काय सुरू केलात? सोडा, मी घालतंय." घातल्या. चक्री बरोबर दोन वेण्यांच्या मधे, मानेच्या खळगीच्या वर बसली. वर बघितलं. खाली बघितलं. छताला विचारल्यासारखं पुन्हा वर बघितलं. टोप जागचा हलला नाही.

"कसां दिसतंय?" तिने विचारलं.

ढाल जिंकून आल्यासारखी. पण एवढंच म्हटलं, की पुढाऱ्यापेक्षा बरी.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी.

आज रेखाताईंची परीक्षा. केंद्रात गर्दी, पुरणाची दिंडं चालू, तरी म्हणाल्या, आणा बघू पोरीला. मुक्ता दोन वेण्या घालून उभी. एकोणीस वर्षांची, पण सातवीतल्यासारखी दिसत होती आणि त्यावरून चिडलेली.

रेखाताईंनी पिठाच्या हातांनी टोप धरून असा हलवला, जणू नारळात पाणी आहे का बघतायत. मग "वर बघ. आणखी वर. पंख्याकडे. आता हात वर. उडी मार." मारली. रांगेतलं गिऱ्हाईक पोळ्या विसरून बघत होतं. टोप जागच्या जागी. पुढाऱ्याच्या दोन्ही गालांवर पिठाचे पंजे.

"बघू," म्हणाल्या.

"म्हणजे हो?"

"म्हणजे बघू. रोज बघणार मी."

बाहेर आल्यावर मुक्ता म्हणाली, "सर, आईचं 'बघू' म्हणजे डिस्टिंक्शन असतं."

मग एकेकीच्या घरी जाऊन सगळ्यांचे टोप पुन्हा लावले. या वेळी वर बघायला लावून. दोन-दोन वेण्या घातलेल्या बायका, चाळिशी-पंचेचाळिशीच्या, एकमेकींना बघून हसून हसून बेजार. शुभा म्हणाली, पथकाचं नाव बदला, कन्याशाळा ठेवा.

३ ऑगस्ट, रविवार.

पाच थर. मुक्ता वर उभी राहिली, वर बघितलं, हात उंचावला, दोरीला थोपटून खाली आली. मी चक्रीकडे बघत होतो. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं, आणि मी एका प्लॅस्टिकच्या चक्रीकडे बघून डोळे पुसत होतो. धूळ फार आहे मैदानात.

१० ऑगस्ट, रविवार.

पहिल्यांदा सहा. लागले, म्हणजे जवळपास. मुक्ता पाचव्या थरावर गुडघा टेकून उठत होती, तेवढ्यात दुसऱ्या थरात कुणाचा तरी पाय घसरला आणि सगळा मनोरा बसला. मुक्ता दोरीला लटकली. बाकीच्या गाद्यांवर. सु.चा खांदा सुजलाय.

टोप हलला नव्हता. कोणाचाच. मी एकेकीचं डोकं तपासत फिरलो, देवळात घंटा वाजवत फिरावं तसा.

रेखाताईंना आज सांगायला कोणी तयार नाही. शुभासुद्धा नाही.

११ ऑगस्ट, सोमवार.

त्याच आल्या. सकाळी, हातात डबा. सु.च्या खांद्यावर गरम पोटीस बांधलं. मग माझ्याकडे वळल्या.

"टोप हलला नाही म्हणे."

"नाही."

"लटकली तरी?"

"तरी."

डबा माझ्या हातात दिला. मी विचार करत होतो, आता 'घरी' म्हणतील.

"टोप नीट लावलात तुम्ही," म्हणाल्या. "आता पाय पण नीट लावा म्हणावं तुमच्या बायकांना. मी येणार आहे बघायला. समोर उभी राहणार. टोप हललेला दिसला तर तिथूनच हाक मारेन."

डब्यात उकडीचे मोदक होते. रागावलेल्या माणसाचे मोदक इतके मऊ होत नाहीत.

१६ ऑगस्ट, शनिवार. गोपाळकाला. दुपारी, टेम्पोत.

सकाळी निघताना नवीन घोळ. रेखाताई सगळ्यांसाठी अबोलीच्या वेण्या घेऊन आल्या, दरवर्षी आणतात, आणि टोपाखाली माळायला लागल्या. मला नाही म्हणावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा बायकांच्या घोळक्याला नाही म्हटलं, आणि सगळ्यांनी ऐकलं. फुलांच्या वेण्या मनगटांना बांधल्या. मुक्ताची उजव्या, हंडी फोडायच्या हाताला.

मुलुंडला पाच थर, सलामी. टोप जागेवर.

आता घाटकोपर, आपल्याच गल्लीत. सहा लावायचे. पाच वाजता नंबर.

संध्याकाळ, गल्लीत.

मुक्ताचा टोप शेवटचा तपासत होतो. रेखाताई गर्दीतून आल्या, मला बाजूला केलं, आणि स्वतः चक्री फिरवली. टक. टक.

"आई, फार आवळलंस. डोकं दुखतंय."

"दुखू दे."

"सर, सांगा ना हिला."

दोघी माझ्याकडे बघतायत. मी चक्री एक टक मागे घेतली. रेखाताईंनी पुन्हा टोप धरून हलवला. वर बघायला लावलं, हंडीकडे. हंडी बरीच वर आहे. मग मुक्ताच्या हनुवटीवरच्या जुन्या व्रणावरून अंगठा फिरवला आणि बाजूला झाल्या. बरोबर समोर जाऊन उभ्या राहिल्या, म्हटल्याप्रमाणे.

शुभाची पहिली शिट्टी झाली. सु. वर्तुळात जायला निघाली, खांद्याला पट्टी, दोन वेण्या, मनगटाला अबोली. मला जवळ बोलावलं. पहिल्या थरातल्यांनी मान खाली घालायची असते, एकमेकींच्या कपाळाला कपाळ लावून. इतकी वर्षं ती या मनोऱ्याखाली उभी आहे आणि तिने तो पूर्ण उभा असा कधी पाहिलेला नाही.

"माका वर बघूक गावणा नाय," म्हणाली. "तुम्ही बघा आणि माका सांगा. सगळां सांगा."

दुसरी शिट्टी. वही खिशात ठेवतो, आता वर बघायचंय.